विश्लेषण : गरोदरपणातली ‘लाल गोळी’ घरात पोहोचते, मग पोटात का जात नाही?

चौथा महिना लागला की सरकारी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेल्या गर्भवतीच्या हाती लाल गोळ्यांची पाकिटे पडतात. रोज एक, किमान १८० दिवस. गोळी मोफत मिळते, ती घरी आणून द्यायला आशा सेविका आहे आणि तिच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत फारसे मतभेद नाहीत. गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्ल देण्याचा देशव्यापी कार्यक्रम १९७० पासून या ना त्या नावाने सुरू आहे. तरीही ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५’नुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना ॲनिमिया होता. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५०.४ टक्के होते. महाराष्ट्रात ते ४९.३ वरून ४५.७ टक्क्यांवर आले, म्हणजे सुधारणा झाली, पण आजही जवळजवळ दर दुसऱ्या गर्भवतीच्या अंगात रक्त कमी आहे. याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. गरोदरपणात १८० दिवस किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या माता देशात केवळ २६ टक्के निघाल्या. गोळी आणि पोट यांच्यातले हे अंतर नेमके कुठे तयार होते?

एका गोळीत दोन औषधे कशासाठी?

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. दोन्ही रक्त तयार होण्यासाठी लागतात, म्हणून ती एकत्र दिली जातात. लोह हा हिमोग्लोबिनचा गाभा, तर फॉलिक आम्ल (जीवनसत्त्व ब-९) नव्या पेशी तयार होताना लागणारा घटक. पण या दोघांची गरज एकाच वेळी लागत नाही. लोहाची मागणी गरोदरपणाच्या दुसऱ्या भागात झपाट्याने वाढते. फॉलिक आम्लाचे सर्वात महत्त्वाचे काम मात्र पहिल्या काही आठवड्यांतच उरकते, तेही बहुतेक महिलांना दिवस गेल्याची खात्री होण्याआधी. एकाच वेष्टनात दोन वेगवेगळ्या वेळापत्रकांची औषधे आहेत, ही गोष्ट सरकारी आकडेवारीत सहसा दिसत नाही.

फॉलिक आम्लाचे मुंबईशी नाते काय?

या जीवनसत्त्वाचा शोध ज्या कामातून सुरू झाला, ते काम मुंबईच्या गिरणी कामगार महिलांमधले होते. ल्युसी विल्स ही ब्रिटिश संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा मातामृत्यूंची चौकशी चालू होती. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर महिलांमध्ये एक तीव्र प्रकारचा ॲनिमिया दिसत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असायच्या. हा जंतूंमुळे होत असावा, असाही एक तर्क होता. विल्स यांनी या महिलांचे जेवण तपासले. फळे-भाज्या नसलेला, अत्यंत गरीब आहार हे त्यामागचे कारण असावे, असे त्यांच्या लक्षात आले. तसाच आहार उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन त्यांनी प्रयोग केले. यीस्टचा अर्क दिल्यावर प्राणी सुधारले आणि नंतर रुग्ण महिलाही. हा अर्क म्हणजे ब्रिटनमध्ये पावाला लावून खाल्ले जाणारे मार्माइट. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. त्या अर्कातला नेमका घटक कोणता, हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले, फॉलिक आम्ल. २०१९ मध्ये विल्स यांच्या जन्मदिनी गूगलने डूडल केले, तेव्हा हा मुंबई धागा अनेकांना पहिल्यांदा समजला.

त्यानंतर ६० वर्षांनी याच घटकाचा दुसरा, तितकाच मोठा उपयोग सिद्ध झाला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत १,८१७ महिलांवर चाचणी केली. या महिलांच्या आधीच्या बाळाला मेंदू किंवा मणक्याचा जन्मजात दोष होता. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतलेल्यांत हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले, ते या पुराव्यांच्या आधारे.

लोह इतके का लागते? जेवणातून का भागत नाही?

एका गरोदरपणासाठी साधारण १,००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम लोह लागते. त्यातले सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वारेसाठी, ५०० च्या आसपास आईच्या वाढलेल्या रक्तासाठी, उरलेले शरीरातून रोज जे लोह बाहेर पडते त्याची भरपाई. एक ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते. पण दिवस जाण्याच्या आधीच ज्यांचा साठा रिकामा आहे, त्यांच्यासाठी तो डोंगर आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सर्वच महिलांपैकी ५७ टक्के ॲनिमियाग्रस्त आढळल्या, म्हणजे बहुतेकींची सुरुवातच उणे खात्यातून होते.

‘बीट खा, डाळिंब खा, रक्त वाढेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. त्यामागे रंगाचे साधर्म्य अधिक आणि लोह कमी आहे. १०० ग्रॅम बीट किंवा डाळिंबात एक मिलिग्रॅमही लोह नसते. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, नाचणी यांत ते बरे असते, पण वनस्पतींमधल्या लोहापैकी शरीर साधारण ५ ते ८ टक्केच शोषते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा झाला तर त्याहून कमी. मांस, मासे, यकृत यांतले लोह चांगले शोषले जाते, पण ते किती घरांत, किती वेळा आणि ताटात कोणाच्या वाट्याला येते, हा वेगळाच प्रश्न आहे. आहार सुधारायलाच हवा. पण सहा महिन्यांत एक ग्रॅमचा खड्डा भरायचा असेल तर गोळीला पर्याय राहत नाही.

गोळीचे गणित असे. रोज ६० मिलिग्रॅम, १८० दिवस, म्हणजे १०.८ ग्रॅम. त्यातला दहावा भाग शोषला गेला तरी गरजेइतका एक ग्रॅम मिळतो. उरलेला नऊ-दशांश भाग आतड्यातून बाहेर पडतो. शौचाचा रंग काळा होतो, बद्धकोष्ठता होते, मळमळते, ते या न शोषलेल्या लोहामुळे.

फायदा किती, याचीही नोंद आहे. जगभरातील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या ‘कॉक्रेन’ आढाव्यानुसार गरोदरपणात रोज लोह घेतल्यास प्रसूतीच्या वेळी आईला ॲनिमिया असण्याचा धोका ७० टक्क्यांनी कमी होतो. प्रसूतीत रक्तस्राव प्रत्येकीला होतो. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई जो रक्तस्राव सहन करते, तोच सहा असलेलीच्या जिवावर बेततो. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांतील दहा हजारांहून अधिक ॲनिमियाग्रस्त महिलांची माहिती २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मध्यम ॲनिमिया असलेल्यांच्या तुलनेत तीव्र ॲनिमिया असलेल्या महिलांमध्ये मृत्यू ओढवण्याची किंवा त्याच्या दारापर्यंत जाण्याची शक्यता सुमारे सातपट होती.

सरकारी नियम काय सांगतो?

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियानात वयानुसार गोळ्यांचे रंग ठरले आहेत. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, प्रजननक्षम वयातील महिलांना लाल. गर्भवतींसाठी पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची वेगळी गोळी, दुसऱ्या तिमाहीपासून रोज लाल गोळी आणि प्रसूतीनंतरही १८० दिवस तीच. त्याआधीच्या काळात लोहाची मात्रा १०० मिलिग्रॅम आणि मुदत १०० दिवस होती. आता मात्रा कमी, मुदत जास्त. दुसऱ्या तिमाहीत जंतांसाठी अल्बेंडाझोलची एक गोळीही द्यायची असते.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे ॲनिमिया, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. सौम्य किंवा मध्यम असेल तर रोज दोन लाल गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी. महिन्याभरात किमान एक ग्रॅम वाढ झाली नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. ७ च्या खाली शिरेतून लोह. शेवटच्या तिमाहीत एवढे कमी असेल तर रुग्णालयात दाखल करणे आणि ५ च्या खाली कोणत्याही महिन्यात दाखल करून रक्त चढवण्याची तयारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीसाठीची रेषा १०.५ वर आणली आहे. या काळात रक्तातला द्रव भाग तांबड्या पेशींपेक्षा वेगाने वाढतो, रक्त नैसर्गिकरीत्याच पातळ होते, हे त्यामागचे कारण. अर्धा ग्रॅम हा फरक किरकोळ वाटला तरी या रेषेच्या आसपास मोठ्या संख्येने महिला असतात.

नियम कागदावर चांगला आहे. अडचण त्यातल्या तारखांची आहे.

फॉलिक आम्ल ‘वेळेत’ म्हणजे नेमके कधी?

बाळाच्या मेंदू आणि मणक्याची मूळ नळी, जिला डॉक्टर न्यूरल ट्यूब म्हणतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. वरच्या टोकाला ती उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू पूर्ण तयार होत नाहीत व बाळ जगत नाही. खालच्या बाजूला राहिली तर स्पायना बायफिडा होतो. पाठीवर गाठ, पायांत ताकद नसणे, लघवीवर ताबा नसणे, अनेकदा डोक्यात पाणी साचणे आणि शस्त्रक्रिया.

आता कॅलेंडर पाहा. गर्भधारणेनंतरचे २८ दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवडे. अनेकींना तोवर पाळी फक्त लांबली आहे, असेच वाटत असते. चाचणी, घरी सांगणे, मग आशा सेविकेला कळणे, मग नोंदणी, यात आणखी काही आठवडे जातात. आरोग्य खाते १२ आठवड्यांच्या आत झालेल्या नोंदणीला ‘लवकर नोंदणी’ मानते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण ५८.६ वरून ७० टक्क्यांवर गेले, ही खरोखर मोठी प्रगती आहे. पण दहाव्या आठवड्यात नाव नोंदवणारी बाई सरकारी हिशेबात वेळेवर आणि फॉलिक आम्लाच्या हिशेबात महिनाभर उशिरा असते. त्यानंतर दिलेल्या गोळीचा रक्तासाठी उपयोग होतो, त्या नळीसाठी नाही.

म्हणूनच हे औषध गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी सुरू करावे, असे सांगितले जाते. त्यासाठी गर्भवतीची वाट पाहून उपयोग नाही. लग्न झालेली किंवा दुसऱ्या बाळाचा विचार करणारी स्त्री आधी गाठावी लागते. २० ते ४९ वयोगटातील, गरोदर नसलेल्या महिलांना आठवड्याला एक लाल गोळी द्यावी, अशी तरतूद ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये आहे. पण तीत फॉलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅमच आहे. जन्मजात दोष टाळण्यासाठी साप्ताहिक गोळीत २,८०० मायक्रोग्रॅम असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोजचे ४०० गुणिले सात, असा साधा हिशेब. भारतातली साप्ताहिक गोळी त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ती ॲनिमियासाठी बनवलेली आहे, दुसऱ्या कामासाठी ती अपुरी पडते.

रेशनवरच्या पोषणवर्धित तांदळाचा दाखला इथे दिला जातो. त्याच्या निकषानुसार एका किलोत ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. महिन्याला माणशी पाच किलो धरले तर दिवसाला १२ ते २१ मायक्रोग्रॅम. चारशेच्या तुलनेत हे चमचाभरही नाही.

१८० दिवसांचे गणित कुठे बिघडते?

लाल गोळी १४व्या आठवड्यापासून सुरू केली आणि प्रसूती बरोबर ४०व्या आठवड्यात झाली, तर मध्ये २६ आठवडे मिळतात, म्हणजे १८२ दिवस. उद्दिष्ट १८० चे. एकूण दोन दिवसांची सवलत! ज्या बाईची नोंदणी १६व्या आठवड्यात झाली, तिने एकही गोळी चुकवली नाही तरी ती या निकषात बसत नाही. ३७व्या आठवड्यात प्रसूत झालेली तर नाहीच नाही. त्यामुळे २६ टक्के या आकड्यात बेफिकिरीबरोबर निव्वळ कॅलेंडरचाही वाटा आहे. १०० दिवसांहून अधिक गोळ्या घेतलेल्यांचे प्रमाण ३०.३ वरून ४४.१ टक्क्यांवर गेले आहे. प्रगती मोजायला हा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो, आणि तोही निम्म्याच्या खालीच आहे.

दुसरी गोम मोजमापात आहे. आरोग्य खात्याच्या मासिक अहवालात ‘१८० गोळ्या दिलेल्या गर्भवती’ असा रकाना असतो. तो भरतो वाटपातून. गोळ्यांचे पाकीट हाती दिले की नोंद पूर्ण होते, पुढे ते फडताळात राहिले की पोटात गेले, हे त्या रकान्याला कळत नाही. सर्वेक्षण मात्र बाईला विचारते, किती दिवस घेतल्या? म्हणूनच अभियानाच्या डॅशबोर्डवर चकचकीत दिसणारा जिल्हा सर्वेक्षणात फिका पडू शकतो.

शिवाय गरोदर बाई सहा महिने एका जागी राहते, हे गृहीतकच महाराष्ट्रात लागू पडत नाही. पहिल्या बाळंतपणाला मुली सातव्या महिन्यात माहेरी जातात. नोंद एका उपकेंद्रात, मुक्काम दुसऱ्या तालुक्यात. बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. पाच-सहा महिन्यांचा हा हंगाम आणि गोळ्यांचा कालावधी जवळजवळ सारखाच. पहाटे फडावर जाणाऱ्या बाईला कारखान्याच्या हद्दीतली आरोग्यसेविका ओळखत नाही आणि गावच्या आशा सेविकेची यादी गावातच असते. कार्ड सोबत असेल तर कोणत्याही केंद्रात गोळ्या मागता येतात. ते ट्रॅक्टरवर चढताना पिशवीत ठेवले गेले का, यावर बरेच अवलंबून असते.

गोळ्या मिळूनही महिला त्या का सोडतात?

सर्वात मोठे कारण अगदी साधे आहे. त्रास होतो. तोंडाला लोखंडी चव, मळमळ, पोटात जळजळ, खडा होणे. काळे शौच पाहून काही तरी बिघडले, या भीतीने अनेकजणी थांबतात. हे आधी सांगितले असेल तर भीती कमी होते, पण तपासणीच्या दिवशी रांगेत ते सांगायला वेळ कोणाकडे आहे? दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’च्या दिवशी एका डॉक्टरांसमोर किती पोटुश्या महिला उभ्या असतात, हे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात पाहता येते.

त्यात घरातले समज. गोळ्यांनी बाळ फार मोठे होते आणि सुटका अवघड जाते, बाळाचा रंग काळा होतो, गोळ्या ‘गरम’ पडतात. यांतल्या कशालाच आधार नाही. पण सुनेने गोळी घ्यायची की नाही हे ज्या घरात सासूबाई ठरवतात, तिथे समुपदेशन सुनेचे करून भागत नाही.

गोळ्यांची संख्याही कमी नाही. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या असतात. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर लोह कमी शोषले जाते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर. लोहाच्या आसपास चहा-दूध नको. शेतात जाणाऱ्या किंवा लोकल पकडणाऱ्या बाईसाठी हे वेळापत्रक सोपे नाही. व्यवहारात सर्वात जमण्यासारखा उपाय डॉक्टर सांगतात तो असा : कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. रिकाम्या पोटी ते अधिक शोषले जाते हे खरे, पण मळमळीने उलटून पडलेल्या गोळीपेक्षा थोडी कमी शोषली गेलेली गोळी परवडते.

रोज घ्यावी की एक दिवसाआड?

समाजमाध्यमांवर सध्या हा सल्ला फिरतो, त्यामागे खरे संशोधन आहे. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि पुढचे सुमारे २४ तास आतडे लोह कमी आत घेते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये ४० महिलांवर केलेल्या अभ्यासात रोज घेतलेल्या गोळीतले १६.३ टक्के, तर एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले २१.८ टक्के लोह शोषले गेले. पण त्या महिला गरोदर नव्हत्या आणि त्यांना ॲनिमियाही नव्हता, फक्त साठा कमी होता. गरोदरपणात दिवस मोजके असतात. त्यामुळे भारतातील नियम आजही रोजच्या गोळीचाच आहे. त्रास असह्य असेल तर गोळी बंद करण्यापेक्षा दिवसाआडचा मार्ग डॉक्टरांना विचारावा, इतकाच याचा व्यवहारातला अर्थ.

गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढले नाही तर?

मग तो ॲनिमिया केवळ लोहाचा नाही, अशी शंका घ्यायला हवी. महाराष्ट्रासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, तर फोलेटची कमतरता जवळपास कोणालाच नव्हती. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. याचा अर्थ फॉलिक आम्ल घातक, असा होत नाही. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध करणारी चाचणी नाही. पण दूध-मांस कमी असलेल्या आहारात ब-१२ ची उणीव सर्रास आहे आणि लाल गोळीत ब-१२ नाही, ही वस्तुस्थिती त्यातून पुढे येते. फॉलिक आम्लाची मोठी मात्रा घेतल्यास ब-१२ ची कमतरता रक्ततपासणीत झाकली जाऊ शकते आणि नसांवर होणारा परिणाम मात्र चालू राहतो. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी पाच मिलिग्रॅमची फॉलिक आम्लाची गोळी नेहमीच्या मात्रेच्या बारापटीहून अधिक असते. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष, फिट्सची काही औषधे, मधुमेह अशा ठरावीक परिस्थितीत डॉक्टर ती देतात. शेजारणीने घेतली म्हणून घेण्याची ती गोष्ट नाही.

दुसरे कारण सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया ते नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातील काही समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशी लवकर तुटतात, म्हणून फॉलिक आम्ल लागते. पण त्या पेशींतले लोह शरीरातच राहते, वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांत तर ते साचतेही. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातला लोहाचा साठा तपासूनच लोह द्यायचे असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. त्या तपासणीचा निकाल गर्भवतीच्या कार्डावर आला तर लाल गोळी देणाऱ्या आरोग्यसेविकेला त्याचा थेट उपयोग होईल. थॅलेसेमियाचे वाहक असणे हेही रक्त न वाढण्याचे एक कारण असते.

शिरेतून देण्याच्या लोहाकडेही आता अधिक लक्ष जात आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या औषधाची मोठी मात्रा एकाच बैठकीत देता येते. सातव्या-आठव्या महिन्यात रक्त कमी असल्याचे कळले आणि गोळ्यांसाठी वेळच उरला नाही, अशा वेळी ते उपयोगी पडते. त्याला डॉक्टर, खाट आणि प्रतिक्रिया आलीच तर ती हाताळण्याची सोय लागते. उपकेंद्रात ते शक्य नाही.

५२ टक्के हा आकडा खरा किती?

यावर वाद आहे. सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबाची तपासणी होते. बोट दाबताना पेशींबाहेरचा द्रव मिसळला तर आकडा कमी दिसतो. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या ‘सर्वसमावेशक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणा’त (२०१६-१८) एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ॲनिमिया सुमारे ४१ टक्के आढळला होता. जवळपास त्याच काळातल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांसाठी तो ५८.६ टक्के होता. वयोगट अगदी सारखे नसले तरी एवढा फरक केवळ वयाने पडत नाही. याच कारणाने सहाव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून हिमोग्लोबिनची तपासणी वगळली गेली आणि ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार व जैवनिर्देशक सर्वेक्षणाकडे देण्यात आली. तिथे रक्त शिरेतून घेतले जाते. मोजणी अचूक होईल, पण जुन्या आकड्यांशी तुलना करणे अवघड जाईल. नवा आकडा कमी आला तर तो गोळ्यांमुळे की सुईमुळे, हा प्रश्न उरेल.

पाकिटावर काय पाहावे?

खासगी दवाखान्यात जाणाऱ्या महिलांच्या हाती सरकारी लाल गोळी क्वचितच येते. बाजारातल्या गोळ्यांवर ‘फेरस ॲस्कॉर्बेट’, ‘फेरस फ्युमरेट’, ‘फेरस सल्फेट’ अशी नावे असतात. पाहायचा असतो तो प्रत्यक्ष लोहाचा आकडा, जो ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणून लिहिलेला असतो. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह ६० मिलिग्रॅमच्या आसपास असते. अनेक खासगी गोळ्यांत १०० मिलिग्रॅम लोह आणि दीड मिलिग्रॅम फॉलिक आम्ल आढळते. कोणाकडे दोन्हीकडच्या गोळ्या असतील तर दोन्ही घेऊ नयेत, कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारावे. शौच काळे होणे अपेक्षित आहे. महिनाभर नियमित घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढले नाही तर पुढच्या तपासण्या मागाव्यात. प्रसूती झाली की गोळ्या संपल्या, असे नाही, पुढचे १८० दिवसही त्याच मोजणीत आहेत.

आणखी एक गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते. साखरेचे लाल आवरण असलेली ही गोळी लहान मुलाला चॉकलेटच्या गोळीसारखी दिसते. काही गोळ्या एकदम खाल्ल्या गेल्या तर दोन-तीन वर्षांच्या मुलाला लोहाची गंभीर विषबाधा होऊ शकते. तसे झाल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट न पाहता मुलाला आणि रिकाम्या पाकिटाला सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.